उद्याचा दिवस आज ठाऊक असण्याचा हक्क

पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, दिवसाची तीन उद्दिष्टे वहीत लिहा, मोबाइल लांब ठेवा, रात्री दहाला झोपा. हा उपदेश आता इतका स्वस्त झाला आहे की व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभात संदेशांतही गुलाबाच्या फुलाखाली तो छापून येतो. दिवसावर ताबा हवा असेल तर सवयी बदला, सवयी बदलायच्या तर मन घट्ट करा, आणि तरीही जमत नसेल तर तुमच्यातच काहीतरी कमी आहे, असा त्याचा एकूण सूर. उपदेश करणारे बहुधा आपल्या दिवसाचे मालक असतात. ऐकणारे बहुधा नसतात.

बदलापूरला राहून फोर्टात नोकरी करणाऱ्याचा हिशेब मांडून बघा. अंतर अडुसष्ट किलोमीटर. नुसत्या लोकलमध्ये दीड तास जातो. रिक्षा, जिना, फलाट, आणि उतरल्यावरची पायपीट धरली की घरापासून टेबलापर्यंत दोन तास सहज. साडेनऊला हजेरी लावायची तर सात-सव्वासातला घर सोडायचे, सहाला सुटले तरी साडेआठच्या आत उंबरा दिसत नाही. हा माणूस पाचलाच उठतो. त्यासाठी त्याला कोणा प्रेरणादायी वक्त्याची गरज पडलेली नाही. नळाला पाणी त्याच वेळी येते.

गंमत अशी की सवयींचा चिवटपणा बघायचा असेल तर याच माणसाच्या डब्यात बघावा. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला ग्रुप. भजनी मंडळे वर्षानुवर्षे त्याच गाडीत टाळ वाजवत आली आहेत. बायकांच्या डब्यात मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, कोणी स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडते, कोणी डुलकी काढते आणि बरोबर आपल्या स्टेशनाआधी जागे होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणे लागतात. इतका दमवणारा दिवस, तरी त्यात माणसांनी स्वतःचे असे काहीतरी रुजवले. कशाच्या जोरावर? गाडी उद्याही त्याच वेळेला येणार, या भरवशावर.

माझे म्हणणे इथून सुरू होते. दिवसावरचा ताबा म्हणजे रिकामे तास नव्हेत. उद्या आपल्याला किती वाजता कोण बोलावणार आणि किती वाजता सोडणार, हे आज ठाऊक असणे म्हणजे ताबा. बारा तास राबणारा माणूसही, ते बारा तास कोणते हे पक्के असेल, तर उरलेल्यात व्यायाम, वाचन, रियाज, मुलांचा अभ्यास बसवतो. आठच तास राबणारा, पण कुठल्याही क्षणी हाक येऊ शकणारा माणूस, काहीच बसवू शकत नाही. सवय लागायला पुनरावृत्ती लागते, आणि पुनरावृत्तीला ठरलेली वेळ लागते. ती वेळ ठरवणारा हात बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्याचा असतो. म्हणून हा विषय स्वयंशिस्तीच्या पुस्तकांच्या कपाटातून काढून मजूर कायद्याच्या, वीज वितरणाच्या आणि घरातल्या कामवाटपाच्या कपाटात ठेवायला हवा.

मुंबईत हे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच कळले होते. १८८४ च्या सप्टेंबरात कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आज वाचताना थक्क व्हायला होते. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झाल्यास भरपाई. पगारवाढीची मागणी यात नाही, मात्र पगाराच्या तारखेची आहे. दिवस कधी सुरू होणार, कधी मोडणार, मध्ये घास कधी खायला मिळणार, पैसे कधी हातात पडणार: वेळापत्रक मागितले आहे, सगळेच्या सगळे. ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक चालवणाऱ्या या सत्यशोधक संपादकाला ठाऊक होते की पगाराची तारीख ठरल्याशिवाय वाण्याची उधारी आणि मारवाड्याचे व्याज यांना तारीख लागत नाही.

रविवार मिळायला पुढे सहा वर्षे गेली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांची सभा झाली, तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. आज रविवारी सकाळी ‘मी टाइम’ म्हणून कॉफी घेऊन बसणाऱ्या कितीजणांना आपल्या निवांतपणाचा हा उगम माहीत असेल, देव जाणे.

त्यानंतरचा प्रवास सरळ नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताची आडकाठी संपली. पाळ्या चौदा-पंधरा तासांवर गेल्या. काम सोपे करणारे यंत्र दिवस लांबवते, हा अनुभव मोबाइलच्या शंभर वर्षे आधीचा आहे. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ ला अकरा, १९३४ ला दहा. १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर मंत्रालय सांभाळत असतानाच्या काळात आलेल्या दुरुस्तीने, आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, दिवसाचे नऊ झाले. १९४८ च्या कायद्याने तेच कायम केले. यातला एकही तास कोणाच्या पहाटे उठण्याने कमी झालेला नाही.

आणि आता उलटी मोजणी. ३ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि वीस किंवा अधिक माणसे असलेल्या दुकाने-आस्थापनांत नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली. विश्रांती पाच तासांनंतर मिळायची ती सहा तासांनंतर. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा कारखान्यांत ११५ तासांवरून १४४. सरकार सांगते की आठवड्याचे ४८ तास तेच आहेत, ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे आणि कामगाराची लेखी संमती लागेल.

खरे तर बारा तासांचे चार दिवस आणि तीन दिवस सुट्टी ही कल्पना मला वाईट वाटत नाही. चाकणच्या एखाद्या कारखान्यात गुरुवारी रात्री सुटून थेट सोमवारी हजर व्हायचे असेल तर बीडच्या पोराला गावी जाऊन आईला दवाखान्यात नेता येईल. पण यातले कुठले चार दिवस, हे कोण ठरवणार? महिनाभर आधी कळणार की आदल्या संध्याकाळी सुपरवायझरच्या फोनवर? तिमाहीत १४४ तास म्हणजे आठवड्याला अकरा. ४८ मध्ये मिळवले की एकोणसाठ. कंत्राटदारामार्फत लागलेला, अकरा महिन्यांच्या बोलीवरचा पोरगा संमतीच्या कागदावर ‘नाही’ लिहील, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा कुठल्याही एमआयडीसीच्या गेटवर सकाळी उभे राहून यावे. तासांच्या आकड्यावर इतका वाद झाला, पण वेळापत्रक किती दिवस आधी हातात द्यायचे यावर फारसे कोणी बोलले नाही. मला तोच मुद्दा मोठा वाटतो. लवचीकता हा शब्द कोणासाठी वापरला जातोय, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडते.

शहराबाहेर पडा, म्हणजे प्रश्न आणखी उघडा दिसतो. शेतकरी आपल्या मनाचा राजा, घड्याळाचा गुलाम नव्हे, असे शहरी माणसाला उगाच वाटते. शेतीपंपाला थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. रात्रीची पाळी आली की मध्यरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जायचे. पायाखाली साप, आणि जुन्नर-आंबेगाव-शिरूरच्या उसात बिबट्या. तेवढ्यातही लाइट मध्येच गेली, डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळाली, की सगळे फिसकटते. परत कधी येईल ते कोणी सांगत नाही, म्हणून माणूस बांधावरच थांबतो. दुसऱ्या दिवशी बाजार असतो, सोसायटीचे कर्ज असते, लग्नकार्य असते. त्याच्या झोपेचे वेळापत्रक महावितरणच्या उपकेंद्रात ठरते. अशा माणसाला नियमित दिनचर्येचे फायदे सांगणे ही थट्टा आहे. त्याला दिवसा वीज द्या. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून कागदावर आहे, २०२३ पासून तिला जोर आला आहे, आणि जिथे तिचे फीडर (वीजवाहिन्या) सुरू झाले तिथे दिवसा पाणी देता येऊ लागले आहे. शेतकऱ्याच्या ‘सवयी’ सुधारण्याचा याहून मोठा कार्यक्रम मला तरी दिसत नाही. टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावून बसणाऱ्या बायकांचेही तेच: टँकर उशिरा येतो याहून जास्त त्रास तो कधी येईल हे न कळण्याचा असतो, कारण तोवर रांग सोडून शेतावर जाता येत नाही.

पांढरपेशा नोकरीतला प्रकार वेगळा दिसतो, पण जातकुळी तीच. तिथे घड्याळ कोणी लांबवत नाही, ते पुसून टाकतात. रात्री साडेदहाला ऑफिसच्या ग्रुपवर ‘जरा बघून घे, घाई नाही’ असा संदेश येतो. घाई नाही, पण निळ्या खुणा झाल्यात. बघितले नाही तर सकाळी तोंड दाखवताना अवघड, बघितले तर झोप गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले, २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे प्रमुख नव्वदावर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार असे विचारून बसले. त्यावर विनोद खूप झाले. पण ही मंडळी निदान आकडा तरी सांगतात. रोजच्या नोकरीत आकडा कोणी सांगत नाही. तिथे नुसतेच ‘उपलब्ध’ असायचे असते.

सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचे विधेयक लोकसभेत मांडले आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडले. खासगी सदस्याचे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचे, विधेयक आपल्याकडे १९७० नंतर कायदा झालेले नाही, त्यामुळे त्याचे भवितव्य सांगायला ज्योतिषी नको. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास किंवा अधिक माणसांच्या कंपन्यांना या विषयावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑगस्टपासून, नकार अवाजवी नसेल तर, कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क आहे. दोन्हीकडे ईमेलवर बंदी नाही, हे मुद्दाम सांगतो. कारण इथे विरोध सुरू होतो तो ‘मग अमेरिकेचा क्लायंट काय करेल’ या प्रश्नाने. प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ-साडेदहा तास आहे. तिथली सकाळ ही हिंजवडीची रात्र. पण मग रात्रीचे काम हे रात्रीचे काम म्हणून नोंदवा. मंगळवार-गुरुवार रात्री कॉल असतील तर बुधवार-शुक्रवार सकाळ मोकळी, असे लिहून द्या. क्लायंटची अडचण ठरलेल्या वेळेच्या कॉलने भागते. भागत नाही ती मधल्या साहेबाची सवय, ज्याला स्वतःला अकरा वाजता आठवलेली गोष्ट अकरा वाजताच दुसऱ्याच्या डोक्यात घालायची असते.

आता घरात येऊ, कारण इथे साहेब आपणच असतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात, आणि जे पुरुष ते करतात ते ८८ मिनिटे. ‘जे करतात ते’ हे शब्द नीट वाचावेत. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ वाचवली. पण मिनिटांहून मला त्या मिनिटांचा पसारा खुपतो. बाईची ती पावणेपाच तासांची मेहनत सलग नसते. चहा आत्ता, पाहुणे अचानक, मुलाचे दप्तर, सासूबाईंचे औषध, गॅसवाला, ‘अगं माझा मोजा कुठाय’. मधले तुकडे मोकळे असतात, पण हाक येईल या धास्तीने ते वापरता येत नाहीत. पुरुषाचा रियाज ठरलेल्या वेळेला होतो कारण त्या वेळेला त्याला कोणी हाक मारत नाही, आणि कोणी मारू नये याची व्यवस्था बहुधा त्याची बायको करत असते.

‘म्हणजे सगळा दोष व्यवस्थेचा, माणसाने काहीच करायचे नाही?’ असा प्रश्न मित्र विचारतात. करायचे ना. ज्याच्या दिवसाला कुंपण घालून मिळाले आहे त्याला सबब नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. बदल्यात रोजचा वेळ वाढून पावणेदहा ते सव्वासहा झाला. ज्याला शनिवार-रविवार असे पक्के मिळतात आणि सव्वासहाला खुर्ची सोडता येते, त्याने ‘वाचायला वेळच मिळत नाही हो’ म्हणू नये. त्याची संध्याकाळ कोणा मालकाने नेलेली नाही, मोबाइलवरच्या रिळांनी नेली आहे. आणि तिथे खरोखरच मन घट्ट करण्याखेरीज इलाज नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, ग्रुप गप्प करावेत, रोज तीच अर्ध्या तासाची खिडकी राखावी आणि घरच्यांना सांगून ठेवावे. उपदेशकांचे म्हणणे या वर्गापुरते बरोबर आहे. चूक होते ती हा वर्ग म्हणजे सगळा समाज असे धरण्यात.

शिस्तीचा आणखी एक भाग आहे, ज्याबद्दल ही पुस्तके क्वचित बोलतात. माझ्या अंदाधुंदीची किंमत दुसरा भरतो. मी दिवसभर टंगळमंगळ करून सहाला काम सुरू केले की माझ्या हाताखालच्या मुलीची गाडी चुकते. मला कोथिंबीर दहा मिनिटांत हवी असते म्हणून कोणीतरी पावसात सिग्नल तोडतो. मी सोमवारी सांगायचे ते शनिवारी रात्री सांगतो आणि कोणाचा तरी रविवार, ज्यासाठी लोखंड्यांनी सहा वर्षे घासली, सहज खिशात घालतो. स्वतःचा दिवस आखणाऱ्याने आधी हे बघावे की आपण कोणाकोणाचा दिवस विस्कटतो.

मागण्या फार नाहीत. शिफ्टचे वेळापत्रक किमान आठवडाभर आधी लेखी द्यायचे आणि ऐनवेळी बदलले तर त्याचे वेगळे पैसे, अशी अट बारा तासांच्या परवानगीला जोडावी. कामाच्या वेळेनंतरचा संदेश हे काम धरावे. शेतीला दिवसा वीज, आणि लाइट जाणार असेल तर फोनवर आगाऊ सूचना. बिलाची आठवण मोबाइलवर न चुकता येते, तर हेही येऊ शकते.

आणि एक काम सरकारकडे न जाता होण्यासारखे आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण बहुतेक सोसायट्यांत कामाला येणाऱ्या मावशींना आठवड्याची ठरलेली सुट्टी अजून नाही. त्या घेतात त्या ‘दांड्या’, आणि घेतल्या की फ्लॅटाफ्लॅटातून तक्रार. सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंग आणि कुत्र्यांच्या विषयाआधी दहा मिनिटे काढून ठरवता येईल: प्रत्येक मावशीला आठवड्यातून एक पक्का वार, सणाच्या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीला सांगितलेल्या, पगार पाच तारखेच्या आत, आणि पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी कल्पना. लिफ्टशेजारच्या फलकावर तो कागद लावायला कुठल्याही अधिवेशनाची वाट बघावी लागत नाही.